सोसायटीतल्या घरातली हवा: डक्टपासून एसीपर्यंत

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या फ्लॅटमध्ये हवा बिघडवणाऱ्या बऱ्याच जागा रोजच्या केर-लादीत येतच नाहीत. बाथरूमच्या खिडकीबाहेरचा डक्ट, एसीच्या जाळीमागचा भाग आणि चिमणीचा पाइप या त्यातल्या मुख्य.

डक्टमध्ये काय साचतं?

सांडपाण्याचे पाइप उतरवण्यासाठी इमारतीत जी उभी, अरुंद जागा सोडतात, तो आपला डक्ट. बाथरूमच्या खिडक्या आणि एक्झॉस्ट फॅन त्यातच उघडतात. ऊन पोचत नाही, पाइप गळतात, कबुतरं घरटी करतात. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची भुकटी खिडकीतून घरात येते. ती दीर्घकाळ श्वासात गेली, तर काहींना ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’ होतो. सुका खोकला, जिना चढताना लागणारी धाप ही त्याची लक्षणं. दुखणं जुनं झालं की फुप्फुसांवरचे व्रण भरून येत नाहीत.

डक्ट साफ करताना

- कोरडा झाडू मारू नये, भुकटी उडते. आधी पाणी मारून घाण ओली करावी.
- कामगाराला एन-९५ मास्क, हातमोजे, चष्मा आणि सेफ्टी बेल्ट सोसायटीने द्यावा.
- काम चालू असताना सर्व फ्लॅटच्या डक्टकडच्या खिडक्या आणि एक्झॉस्ट बंद ठेवावेत.
- आधी पाइपांची गळती काढावी, मग कबुतरांची जाळी लावावी. जाळीआड पिल्लं अडकली नाहीत ना, हे पाहावं.
- काम पावसाळ्यापूर्वी उरकावं.

एसी

स्प्लिट एसी सहसा बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच फिरवतो. वापर रोजचा असेल, तर जाळी दर पंधरा दिवसांनी मेन स्विच बंद करून काढावी, साध्या पाण्याने धुवावी, सावलीत पूर्ण वाळवावी. जाळीमागची कॉइल, ब्लोअर आणि पाण्याचा ट्रे ओलसर राहून तिथे बुरशी धरते. ते मेकॅनिककडून सीझन सुरू होण्याआधी धुऊन घ्यावं. साधी जाळी मोठी धूळ अडवते, २.५ मायक्रॉनहून बारीक कण तिच्यातून सहज निसटतात.

स्वयंपाकघर

चिमणीचा पाइप इमारतीबाहेर, मोकळ्या हवेत सोडावा. तो डक्टमध्ये सोडला, तर आपल्या फोडणीचा धूर शेजाऱ्यांच्या बाथरूममध्ये शिरतो. चिमणीची जाळी तेलकट झाली की गरम पाणी आणि साबणाने धुवावी.

साफसफाईची मर्यादा

अमेरिकेत घरभर गार-गरम हवा पोचवणारे डक्ट असतात. ते साफ केल्याने आजार टळतात असं सिद्ध झालेलं नाही, असं तिथली पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. बुरशी, उंदीर किंवा डक्ट तुंबवणारी खूप धूळ दिसली, तरच ते साफ करावेत, असा तिचा सल्ला आहे. म्हणजे नुसत्या साफसफाईवर विसंबून चालत नाही; घरातच तयार होणारा धूरही थांबवायला हवा. डासांची एक कॉइल ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं. कॉइलऐवजी खिडकीला जाळी किंवा मच्छरदाणी लावावी.

बाहेरची हवाही साफसफाईने सुधारत नाही. हिवाळ्यात पहाटे प्रदूषित हवा जमिनीलगत साचते. तेव्हा खिडक्या दुपारी, खाडीकडून वारा सुटल्यावर उघडाव्यात. एमआयडीसीजवळ राहणाऱ्यांनी उग्र वास येताच त्या लावून घ्याव्यात.

एसीची जाळी आजच धुता येईल. डक्ट मात्र एकट्याने साफ होत नाही. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत हा विषय आवर्जून मांडा.