कुंपणच शेत खाते तेव्हा

कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागायची, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण आपल्या शरीरालाही किती तंतोतंत लागू पडते, हे ‘मल्टिपल स्क्लेरोसिस’ या व्याधीकडे पाहिले की कळते. विजेच्या तारेवर रबराचे वेष्टण असते ना, तसेच मेंदूतील व पाठीच्या कण्यातील मज्जातंतूंवर एक स्निग्ध आवरण असते. रोगजंतूंशी लढण्यासाठी ठेवलेल्या रक्षक पेशी या आवरणावरच तुटून पडतात. मग कधी दृष्टी अंधूक होते, कधी पाय लटपटतात. आणि हे बहुधा ऐन तारुण्यात, त्यातही पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक!

माझी एक हुशार विद्यार्थिनी या दुखण्यात सापडली. “सर, हे इंजेक्शन म्हणजे नेमके आहे तरी काय?” तिने विचारले. प्रश्न मराठीच्या प्राध्यापकाचा नव्हे, पण तिच्यासाठी मी जे वाचून काढले ते वाचकांपुढे ठेवतो.

पेशी एकमेकींना निरोप धाडतात. निरोप नेणारी प्रथिने म्हणजे सायटोकाइन. त्यांपैकी इंटरफेरॉन १९५७ साली लंडनमध्ये अलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांना गवसले, ते विषाणूंना अटकाव करणारे द्रव्य म्हणून. परंतु मानवी पेशींतून ते मिळणार अत्यल्प. तेवढ्याने किती रोग्यांचे भागणार? १९८० च्या सुमारास युक्ती निघाली. बीटा इंटरफेरॉनचे मानवी जनुक आतड्यातल्या ई. कोलाय जीवाणूत बसविण्यात आले. मोठ्या टाक्यांतून हे जीवाणू वाढवायचे आणि त्यांच्याकडून आपले प्रथिन करवून घ्यायचे!

मात्र जीवाणूने लिहिलेली प्रत अशुद्ध निघे. प्रथिनाच्या साखळीतील सतराव्या जागेचे गंधकयुक्त सिस्टीन भलतीकडेच गाठ मारी आणि सारा गुंता होई. शास्त्रज्ञांनी त्या जागी सेरीन घातले. एक दुरुस्ती केली, अर्थ कायम राहिला आणि प्रत टिकाऊ झाली. १९९६ साली मान्यता मिळालेला दुसरा प्रकार चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत तयार होतो.

निरोप्या निवडण्यातही जोखीम होतीच. गॅमा इंटरफेरॉन रोग्यांना देऊन पाहिले, तेव्हा आजाराचे झटके उलट वाढले. १९८७ साली ही हकीकत प्रसिद्ध झाली. बीटाने मात्र ते सुमारे एक तृतीयांशाने कमी केले आणि १९९३ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली.

तरीही हे रामबाण औषध नव्हे. दिवसाआड टोचून घ्यायचे, अंगात कणकण सोसायची, आणि रोग समूळ जात नाही तो नाहीच. आज याहून प्रभावी औषधेही आली आहेत. पण तीन झटक्यांतला एक टळणे म्हणजे काय, हे ज्याचे पाय एकदा लटपटले त्यालाच विचारावे. कुंपण पाडून चालत नाही, कारण बाहेर जंतू टपलेलेच आहेत. त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलून त्याला आवरावे लागते. आणि ती भाषा माणूस आता कुठे शिकू लागला आहे.