जन्मतारखेला घड्याळ कशाला?

वेबसाइटवरच्या अर्जात जन्मतारीख भरली १५ ऑगस्ट १९९० आणि पावतीवर छापून आली १४ ऑगस्ट. आपल्याकडच्या प्रोग्रामरांच्या नेहमीच्या ओळखीचा हा दोष. जावास्क्रिप्टमध्ये ‘डेट’ नावाचा जो प्रकार आहे, त्यात नुसती तारीख मावतच नाही. त्यात असतो एक क्षण, १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून मोजलेल्या मिलिसेकंदांत. म्हणून निवडलेल्या तारखेला प्रोग्राम भारतातली मध्यरात्र चिकटवतो आणि सर्व्हरकडे पाठवताना ती यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, बदलतो. आपण साडेपाच तास पुढे असल्यामुळे यूटीसीत तेव्हा आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहाच वाजलेले असतात. पुढे वेळेचा भाग कापून तारीख साठवली, की एक दिवस गेला! एवढ्या एका दिवसापायी माणसाची कागदपत्रं जुळेनाशी होतात.

यावर झटपट उपाय सुचवला जातो: भारतात एकच प्रमाणवेळ आहे, परत साडेपाच तास मिळवा. पण दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, भारतातली घड्याळं आणखी एक तास पुढे होती आणि आजच्या ब्राउझरला तो इतिहास ठाऊक असतो. १९४३ साली जन्मलेल्या आजोबांची मध्यरात्र यूटीसीत आदल्या दिवशी संध्याकाळी साडेपाच वाजता पडते. तीत साडेपाच तास मिळवले, तर रात्रीचे अकराच होतात, तेही आदल्या दिवशीचे. मुळात जन्मतारीख हा कॅलेंडरवरचा एक चौकोन आहे. वर्ष, महिना, दिवस एवढंच साठवावं. तिला घड्याळ जोडूच नये.

‘सगळं यूटीसीत साठवा’ हा दुसरा लाडका नियम. पैसे कधी भरले, लॉगिन कधी केलं, अशा होऊन गेलेल्या गोष्टींसाठी तो अगदी योग्य आहे. पुढच्या भेटींना मात्र तो दगा देतो, कारण घड्याळं सरकारच्या हुकमानं चालतात. मेक्सिकोनं ऑक्टोबर २०२२ मध्ये देशाच्या बहुतेक भागात उन्हाळी वेळ, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करण्याची पद्धत, बंद केली. त्याआधी कुणी जून २०२३ मधली मेक्सिको सिटीतली सकाळी दहाची भेट यूटीसीत १५:०० अशी नोंदवली असेल, तर ती आपोआप नऊवर घसरली. ‘सकाळी दहा, मेक्सिको सिटी’ असं ठरलेलं होतं तसंच लिहून ठेवलं असतं, तर वेळ ढळली नसती. ठिकाणावरून त्या दिवशीचा फरक काढायला आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केलेला टाइमझोन डेटाबेस आहे. सरकारी निर्णय आला, की स्वयंसेवक हा डेटाबेस सुधारतात, आणि आपण सर्व्हरवर त्याची ताजी आवृत्ती घ्यायची असते.

छोट्या अ‍ॅपला एवढा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. पण खटाटोप म्हणजे एक जादा रकाना, ठिकाणाचा. पुण्यातल्या शिक्षिकेचा लंडनमधल्या मुलांसाठी दर रविवारी ऑनलाइन मराठी वर्ग असेल, तर दोन शहरांतला फरक उन्हाळ्यात साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच तास असतो. वर्ग कुणाच्या घड्याळानं धरायचा, पुण्याच्या की लंडनच्या, हे कोणतंही गणित सांगू शकत नाही. ते नोंदणीच्या वेळी बाईंनाच विचारायला हवं.