आम्ही ग्राइंडर घेतो!

दसरा झाला की आमच्या घरात दोन गोष्टी हटकून निघतात : माळ्यावरचा आकाशकंदील आणि गॅलरीच्या गजांचा विषय. आकाशकंदील झटकून टांगला की संपले. गजांचे तसे नाही. आमची इमारत 1978 सालची. तेव्हापासून त्या गजांवर हिरवा, पिवळा, पुन्हा हिरवा आणि मग चॉकलेटी असे रंगांचे इतके थर चढले आहेत की, मूळ गज करंगळीएवढा होता की अंगठ्याएवढा, हे आता कुणालाच सांगता यायचे नाही. बरे, एवढे थर असून गंज काही थांबत नाही. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. तो आतून रंगाला फुगवतो, फोडतो, आणि त्या फटीतून पुढच्या पावसाळ्याचे पाणी आत घेतो. भाडेकरूने हळूहळू घरमालकालाच बाहेर काढावे, तसा हा प्रकार!

यंदा रंगारी आला. त्याने गज पाहिले, गच्चीवरचा कुंड्या ठेवायचा अँगलचा स्टँड पाहिला, आणि साडेतीन हजार रुपये मजुरी सांगितली.

"एवढे?" मी म्हटले.

"काका, रंगवायला काय लागतं? खरं काम घासण्याचं आहे."

रंगारी गेला, पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिले. घासण्याचेच काम ना? मग ते यंत्राने करावे! मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. हाताशी वेळ भरपूर. आणि यंत्र एकदा घेतले की जन्माचे झाले.

"अहो, तुम्हांला साधा खिळा सरळ ठोकता येत नाही," आमची सौ. म्हणाली. तिने एकतीस वर्षे शाळेत गणित शिकवले आहे. त्यामुळे तिचे विधान सहसा सिद्धतेसह असते. सिद्धता भिंतीवर होतीच. मी तिकडे न बघता पिशवी उचलली आणि रविवार पेठेतली बोहरी आळी गाठली.

पुण्यात राहून ज्याने बोहरी आळी पाहिली नाही, त्याला संसार कशाकशावर उभा असतो हे कळायचे नाही. बिजागऱ्या, कड्या, साखळ्या, पान्हे, करवती, रंगाचे डबे यांच्या दोन रांगांमधून गर्दी आणि हातगाड्या चुकवत मी एका दुकानापाशी थांबलो. कारण तिथे पाटी होती : 'दिवाळी सवलत – निम्म्या किमतीत'. निम्मी किंमत म्हटले की मराठी मध्यमवर्गीय माणसाचे पाय आपोआप जड होतात.

"गंज काढायचाय? मग ग्राइंडर घ्या, काका," दुकानदाराने एक निळे यंत्र समोर ठेवले. "चार इंची. छापील किंमत तीन हजार दोनशे नव्वद. तुम्हांला सोळाशे पन्नास. शिवाय हा तारांचा ब्रश आपल्याकडून भेट."

हा अँगल ग्राइंडर म्हणजे मोटारीची मान काटकोनात वळवलेले यंत्र. पुढे चकती बसते. लांबट अंग हातात धरायचे. जर्मनीतल्या फ्लेक्स कंपनीने 1954 साली असा वेगवान ग्राइंडर बाजारात आणला, आणि तो तिथे इतका रुजला की, आपण जसे कुठल्याही वनस्पती तुपाला 'डालडा' म्हणत आलो, तसे तिथले लोक कुठल्याही कंपनीच्या ग्राइंडरला 'फ्लेक्स' म्हणतात. चकती बदलली की यंत्राचे काम बदलते. कापायची चकती लोखंड कापते. काचकागदाच्या पाकळ्या एकावर एक चिकटवलेली 'फ्लॅप डिस्क' लोखंड घासून गुळगुळीत करते. तिच्यावर 40 आकडा असेल तर ती खरबरीत, 120 असेल तर बारीक. आणि तारांचा ब्रश गंज आणि सुटलेला रंग झाडून काढतो. चांगल्या लोखंडाला तो फारसा खात नाही.

खोके उघडेच होते. यंत्राला बाजूची मूठ नव्हती. चकतीवर अर्धगोल पत्र्याचे झाकण असते असे खोक्यावरच्या चित्रात दिसत होते, तेही नव्हते.

"गार्ड होय? शोकेसचा पीस आहे ना, राहिला असेल कुठेतरी. आणि तसंही काका, कारागीर लोक गार्ड पहिल्याच दिवशी काढून टाकतात. मधेमधे येतो."

जे कारागीर काढून टाकतात, ते आपल्याला न देता दुकानदार आपला वेळच वाचवतो आहे, असे मला वाटले. मी पैसे मोजले.

घरी आल्यावर धीर कुठला निघायला? गॅलरीतल्या खुर्चीवर चढलो, वाचायचा चष्मा डोळ्यांवर, एका हातात यंत्र, दुसरा हात खिडकीच्या चौकटीला. भेट मिळालेला ब्रश बसवला होता. बटण दाबले. त्या आवाजाने समोरच्या वडावरचे कावळे उडाले. ब्रश गजाला लागताच यंत्राने असा हिसका दिला की मी खुर्चीवरून खाली आलो. बटण सुटले म्हणून निभावले. मोजून दहा सेकंदांचे काम. गजावर वीतभर जागा स्वच्छ झाली होती, आणि खाली फरशीवर हिरव्या-पिवळ्या रंगाची बारीक भुकटी पडली होती.

सौ. धावत आली. तिने मला काही म्हटले नाही. दाराच्या लाकडी चौकटीकडे तिचे लक्ष गेले. तिथे, माझ्या कानाच्या उंचीवर, सुईसारखी एक तार रुतून बसली होती. चिमट्याने ओढूनच ती काढावी लागली. मग तिने भिंग आणले, आणि ब्रशच्या पोटावरचा बारीक आकडा वाचला.

"यावर 6,000 लिहिलंय. म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त सहा हजार फेरे. आणि तुमच्या यंत्रावर 11,000. अहो, हा ब्रश ड्रिल मशीनचा आहे!"

तिने कागद घेतला. ब्रशचा व्यास 125 मिलिमीटर. त्याला पायने गुणले, फेऱ्यांनी गुणले, आणि उत्तर माझ्यापुढे ठेवले : कडेच्या तारेचा वेग ताशी 259 किलोमीटर. "पुणे-मुंबई 192 किलोमीटर. डेक्कन क्वीन या वेगानं गेली तर पाऊण तासात पोचेल. आणि वेग दुप्पट झाला की तारा बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. इथे तो सव्वातीनपटीहून जास्त झाला. तारा सुटतील नाहीतर काय?"

पुढचा शोध मात्र माझा. चार इंची यंत्राला गार्ड असता, तर हा पाच इंची ब्रश त्यात मावलाच नसता! त्या पत्र्याचे काम केवळ ठिणग्या अडवण्याचे नव्हते. नको ती चकती बसू न देण्याचेही होते. कारागिरांच्या 'मधेमधे' येतो तो याचसाठी.

आम्ही दोघे त्या तारेत गुंतलेलो असताना नात रांगत गॅलरीत आली. चौदा महिन्यांची पोर. जमिनीवरची प्रत्येक वस्तू चाखून पाहणे हा तिचा सध्याचा अभ्यास. सौ.ने तिला उचलले तेव्हा तिचा तळवा हिरवा झाला होता, आणि दोन बोटे तोंडात होती.

तेवढ्यात सूनबाई कामावरून आली. तिने आधी पोरीचे हात-तोंड साबणाने धुतले आणि मग विचारले, "बाबा, हा रंग किती सालचा?"

तिने हे का विचारले, ते मला नंतर कळले. जुन्या तैलरंगांत शिसे असे. पिवळा, हिरवा, लाल अशा झळझळीत रंगांत विशेष. लोखंडाला गंज लागू नये म्हणून पूर्वी अस्तर देत, ते 'रेड लेड' म्हणजे तर आपला शेंदूरच, शिशाचे संयुग. घरगुती रंगांत शिसे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावे, हा आपल्याकडचा नियम 2016 साली झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांची हमी कोण देणार? शिसे पोटात गेले तर लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते बाधते, आणि त्याचे अमुक प्रमाण चालेल असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगत नाही. रंग गजावर घट्ट बसलेला आहे तोवर त्याचा उपद्रव नाही. त्याची भुकटी केली की झाला! आणि ती भुकटी मिनिटाला अकरा हजार फेऱ्यांनी मी स्वतःच्या हाताने केली होती.

डॉक्टर म्हणाले, एवढ्याशाने काही होत नाही. पण मनाच्या शांतीसाठी रक्त तपासू. अहवाल यायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस मी यंत्राकडे पाहिले नाही, आणि सूनबाईच्या डोळ्यांकडेही. ती एका शब्दाने बोलली नाही. ती बोलली असती, तर मला बरे वाटले असते. अहवाल आला, काळजीचे कारण नव्हते. त्या दुपारी मी चहा केला, न सांगता, सगळ्यांसाठी.

मग रंगाऱ्याला पुन्हा बोलावले. त्याने माझा पराक्रम पाहिला, आणि हसला नाही. हे त्याचे मोठेपण. "जुना रंग कोरडा घासायचा नाही, काका. पाणी मारून पट्टीनं खरवडायचा. सुटलेला तेवढाच काढायचा. घट्ट आहे त्याला हात न लावता वरून नवा रंग द्यायचा. आणि खाली पडेल ते झाडूनं नाही, ओल्या फडक्यानं टिपायचं." त्याने खाली प्लॅस्टिक अंथरले, आतले दार बंद केले आणि दोन दिवसांत गज करून दिले. नात तेवढे दिवस तिच्या आत्याकडे होती.

राहिले यंत्र. ते परत घेणे दुकानदाराला मान्य नव्हते. सवलतीचा माल परत नाही, ही पाटी त्याने पहिल्या पाटीच्या मागे लावली होती. मी त्या यंत्राचा गार्ड आणि मूठ शोधून काढली : 380 रुपये. माझ्या चकत्यांपुरता, वर 12,500 आकडा असलेला वाटीसारखा लहान ब्रश 220. तीन फ्लॅप डिस्क 210. डोळे पूर्ण झाकणारा चष्मा 150, हातमोजे 120, कानांवरची झाकणे 250, नाकावरचे मास्क 100. सौ.ने बेरीज केली : यंत्रासह 3,080. त्याच आळीत, चार दुकाने पलीकडे, तेच यंत्र गार्ड आणि मुठीसह, सीलबंद आणि वर्षाच्या हमीसह 2,050 रुपयांना होते. माझे गार्ड आणि मुठीसह 2,030, हमी नाही.

"म्हणजे सवलत वीस रुपयांची," ती म्हणाली. "आणि ती कशावर मिळाली, ते पाहा. यंत्रावर नाही. गार्डावर आणि मुठीवर."

वाचकहो, ही बेरीज मी मुद्दाम छापायला दिली आहे. वस्तू स्वस्त मिळाली की आपण किती वाचले ते मोजतो. काय गाळले, ते मोजत नाही.

गच्चीवरचा स्टँड मात्र मी केला. तो 2019 साली करून घेतलेला. त्यावर तैलरंग कधी नव्हताच, नुसता रेड ऑक्साइडचा एक हात होता. रेड ऑक्साइड म्हणजे लोखंडाचेच संयुग, शिशाचे नव्हे. हे या वेळी आधी विचारून घेतले. शर्टाच्या बाह्या गुंडाळल्या, थिनरचा डबा दूर नेऊन ठेवला, कारण ठिणग्या उडतात. नवा ब्रश चढवण्याआधी प्लग काढला. मग बाजूला उभा राहून मिनिटभर यंत्र नुसतेच फिरू दिले. दोन्ही हातांनी धरले, आणि जोर न देता नुसती तारांची टोके लोखंडाला लागू दिली. गंज भुरभुर उडाला, खालून राखाडी लोखंड चमकले. जिथे खड्डे होते, तिथे 80 नंबरची डिस्क हलकेच फिरवली. उघडे लोखंड रात्रीच्या दवाने पुन्हा गंजते, म्हणून संध्याकाळच्या आत अस्तर दिले. दुसऱ्या दिवशी हिरवा रंग. रंग नवा, डब्यावर शिसे नसल्याचे लिहिलेले, आणि ते सूनबाईने वाचलेले.

नरकचतुर्दशीला पहाटे, अभ्यंगस्नान झाल्यावर, सूनबाईने त्या स्टँडवर पणत्यांची रांग लावली. नातीला कडेवर घेऊन ती म्हणाली, "बघ, हे आजोबांनी केलंय."

मी काही बोललो नाही. यंत्र खोक्यात घालून, गार्डासकट, मी ते वरच्या फळीवर ठेवले. चौकटीतून निघालेली ती तारही त्याच खोक्यात आहे. सौ.ने ती एका कागदात गुंडाळून ठेवली आहे, आणि कागदावर लिहिले आहे : 'भेट'.