दोन दरवाजे

दुपारचे साडेतीन वाजलेत. छत्रपती शाहू स्टेडियमच्या दरवाजात पोलीस एकेकाचे खिसे चाचपून आत सोडताहेत. पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या जातात, भिंतीकडेला त्यांचा ढीग लागलाय. माझ्या पुढच्या पोराच्या पिशवीतून हलगी निघते.

"आत न्यायची न्हाई."

"साहेब, हलगीबिगर मॅच कशी बघायची?"

साहेब मान हलवतात. पोरगा परत फिरतो आणि शेंगदाणेवाल्याच्या गाड्याखाली हलगी ठेवून येतो. आत आल्यावर तो आणि त्याचे दोस्त सिमेंटच्या पायरीवर तळहातांनी तोच ठेका धरतात. पाच जणांचा ठेका पन्नास जणांचा होतो, मग अख्ख्या बाजूचा.

आण्णा त्यांच्या नेहमीच्या पायरीवर बसलेत. वय सत्तरीच्या पुढं, डोक्यावर टोपी, हातात भडंगाचा पुडा. मी लहान असल्यापासून त्यांच्याशेजारी बसतो. आज मंगळवार पेठेतली एक तालीम आणि शिवाजी पेठेतली एक तालीम समोरासमोर आहेत. त्यांची नावं मी लिहीत नाही. कोल्हापुरात नाव वाचलं की वाचणारा पुढचं वाक्य वाचायच्या आधीच बाजू घेतो. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, यातली कुठलीही दोन धरा, जे मी सांगतोय ते बदलत नाही.

इथं फुटबॉलचा संघ तालमीचा असतो. तालीम म्हणजे लाल मातीचा आखाडा, गणपती, कित्येक ठिकाणी मोहरमचे पंजे, आणि संध्याकाळी कट्ट्यावर बसणारी पेठ. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं खासबागचं कुस्ती मैदान इथून हाकेच्या अंतरावर आहे. तिथली ईर्षा इकडं आली आणि तिच्याबरोबर रीतही आली. खासबागेत डाव करणाऱ्या मल्लाला बघणारे नोटा द्यायचे, इथं गोल मारणाऱ्याला मिळतात. आण्णांच्या बोलण्यातही मॅच म्हणजे जोड असते. "आजची जोड काटा हाय," ते म्हणतात.

शिट्टी होते. पहिली दहा मिनिटं बॉल मधल्या पट्ट्यातच अडकून राहतो. दोन्हीकडचे डिफेंडर कचरतात आणि लांब मारून मोकळे होतात. ऊन समोरून येतंय. आमच्या गोलकीपरनं कपाळावर हात धरलाय.

सतराव्या मिनिटाला उजव्या कडेनं चाल होते. आमचा नऊ नंबर आफ्रिकेतून आलेला, सहा फुटी गडी. तो छातीवर बॉल घेतो, पाठीमागच्याला अंगानं थोपवतो आणि वळून जमिनीलगत ठेवून देतो. जाळी हलते. स्टेडियमचा अर्धा भाग उठतो, अर्धा बसून राहतो. माझ्या मागची सात-आठ वर्षांची पोरगी बापाच्या खांद्यावरून ओरडते, "दादा, अजून एक!" त्या गड्याला मराठी येत नाही, पण तो आमच्याकडं बघून हात जोडतो. पूर्वी संघात पेठेबाहेरचा एक पोरगा घेतला तरी कट्ट्यावर महिनाभर भांडण चालायचं. आता पश्चिम आफ्रिकेतून आलेला माणूस तालमीत राहतो आणि गल्लीतल्या बायका त्याच्यासाठी डबा पाठवतात. या बदलाचा मला मनापासून आनंद आहे.

तशीच ती पोरगी. मी लहान असताना या पायऱ्यांवर बाई दिसत नसे. आज आमच्या डाव्या हाताला कॉलेजच्या मुलींची एक रांगच्या रांग बसलीय. त्यातल्या दोघी खेळणाऱ्या असाव्यात. ऑफसाइडला हात वर करताना त्या लाइनमनच्या आधी असतात. एफसी कोल्हापूर सिटीच्या मुली इंडियन विमेन्स लीग खेळून आल्या, त्यानंतर या पायऱ्यांवर मुली येणार नाहीत तर कोण येणार?

हाफटाईमला शेजारचा पोरगा मोबाईल काढतो. मॅच यूट्यूबवर लाइव्ह चालू आहे आणि स्क्रीनच्या कडेनं शेरे सरकताहेत. मी चार-पाच वाचतो. पुढं वाचवत नाही. आईवरून, जातीवरून. लिहिणाऱ्यांची नावं खोटी, फोटो सिंहाचे.

"कोण हाय ह्यो?" आण्णा विचारतात.

"काय म्हाईत, आण्णा. कोणबी असंल."

"आमच्या येळेला पलीकडचा हुर्यो करायचा, पण त्यो कुणाचा कोण ते म्हाईत असायचं. सकाळी कपिलतीर्थला भाजी घेताना गाठ पडायची. मग त्यो बी मोजून बोलायचा, आपण बी."

हे खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. आण्णांच्या काळाचं सोनं करायला मी तयार नाही, कारण त्याच जुन्या दिवसांतली खूण माझ्या डाव्या भुवईवर आहे. मी सहावीत होतो. शेवटच्या मिनिटाला पेनल्टी दिली आणि पायऱ्यांवरून दगड सुरू झाले. कुठून आला, कुणी मारला, ते मला आजही ठाऊक नाही. आण्णांनी टोपी माझ्या कपाळावर दाबून धरली होती, ती नंतर धुऊनही तशीच तांबूस राहिली. त्या मॅचचा निकाल लागलाच नाही. पुढच्याही मॅच थांबल्या. दिवसभर दुकानात राबून पहाटे सराव करणाऱ्या पोरांचा हंगाम वाया गेला. दगड मारणाऱ्याचं काय गेलं?

१६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्यात, ईडन गार्डन्सवर, ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्या सामन्यात असाच भडका उडाला आणि १६ प्रेक्षक घरी परतले नाहीत. मोठेपणी ते वाचलं तेव्हा माझा हात आपोआप भुवईवर गेला होता.

दुसऱ्या हाफमध्ये बरोबरी होते. आता प्रत्येक फाऊलला दोन्ही बाजू उठताहेत. पंचाहत्तराव्या मिनिटाला त्यांचा विंगर आमच्या डीमध्ये पडतो. रेफ्री हात हलवून खेळ चालू ठेवतो. समोरच्या पायऱ्यांवरून एक चप्पल मैदानात येऊन पडते. मग दुसरी. खेळ थांबतो. माझ्या पोटात गोळा येतो. आण्णा काही न बोलता माझा दंड धरतात. मी पन्नाशीला आलोय, तरी धरतात.

समोर तिसरा हात वर उठलेला दिसतो. तेवढ्यात त्यांच्याच तालमीचा टी-शर्ट घातलेली चार-पाच पोरं पायऱ्या तुडवत वर जातात आणि त्या हाताला मनगटाशी धरून खाली बसवतात. काय बोलणं होतं ते इथून ऐकू येत नाही. पोलीस कठड्यापर्यंत येऊन थांबलेत, काठ्या खालीच आहेत. लाइनमन दोन चपला उचलून कडेला ठेवतो. तीन मिनिटांनी खेळ पुन्हा सुरू होतो आणि आमच्या बाजूनं टाळ्या पडतात. कुणासाठी ते कुणी सांगत नाही, पण सगळे समोर बघताहेत.

सामना बरोबरीत सुटतो.

माइकवरून सूचना येते. एका बाजूनं पूर्वेच्या दरवाजानं जायचं, दुसरीनं पश्चिमेच्या. आमची बाजू आधी, त्यांची दहा मिनिटांनी. आण्णा नाराज आहेत. त्यांचा शिवाजी पेठेतला दोस्त भाऊ त्या बाजूला बसतो. चाळीस वर्षं ही दोघं एकाच दरवाजानं भांडत बाहेर पडायची. बंदोबस्ताची अडचण मला समजते, त्यात चूक काढता येत नाही. पण दरवाजे वेगळे झाल्यापासून आण्णांना मिरजकर तिकटीला थांबावं लागतं.

आम्ही तिथं थांबतो. ऊन उतरलंय. समोरून पोरांच्या गाड्या जाताहेत, मागं बसलेला झेंडा गुंडाळतोय. पिशवीतली हलगी एकदाची बाहेर आलीय. आण्णा दोन चहा सांगतात, मग थांबून म्हणतात, "तीन सांग. येईलच त्यो."

पंधराव्या मिनिटाला भाऊ काठी टेकत येतात. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"फाऊल हुता."

"बॉलला पाय लागलाय आधी."

"लागला? तुझ्या डोळ्याचं ऑप्रेशन झालंय न्हवं?"

मी मोबाईलवर ती चाल शोधून दोघांच्या मधे धरतो. दोन पांढरी डोकी स्क्रीनवर वाकतात. पाय येतो, विंगर पडतो. मी पुन्हा लावतो. भाऊ चष्मा पुसून घेतात.

"परत लाव," आण्णा म्हणतात. "हळू कर जरा."

चहा येतो. कप माझ्या दुसऱ्या हातात गरम लागतोय. मी चौथ्यांदा लावतो.