नव्या बॅटची मशागत

वार्षिक परीक्षा संपल्या, की क्रीडासाहित्याच्या दुकानांत मुलांची आणि पालकांची वर्दळ वाढते. अनेक महिन्यांच्या बचतीतून घेतलेली नवीकोरी बॅट त्याच संध्याकाळी मैदानात उतरते आणि सीझन बॉलच्या पहिल्याच माऱ्यात तिच्या कडेचा टवका उडतो. मुलाचा चेहरा उतरतो, दोष दुकानदाराच्या माथी मारला जातो. वास्तविक अशा वेळी बहुधा बॅटची पूर्वतयारीच राहून गेलेली असते.

बॅटचे पाते विलो वृक्षाच्या लाकडाचे असते. आपल्या नदीकाठच्या वाळुंजाचा हा भाऊबंद. काश्मीरमध्ये अनंतनाग जिल्ह्यातील संगम परिसरात स्थानिक विलोच्या बॅट घडवल्या जातात; मेरठ आणि जालंधर येथे इंग्लिश विलोच्याही बनतात. १९७९ साली डेनिस लिली यांनी पर्थच्या कसोटीत ॲल्युमिनियमची बॅट वापरून पाहिली. त्यानंतर १९८० च्या नियमावलीने पाते लाकडाचेच असावे, असा दंडक घातला. लाकूड म्हटले, की त्याची निगा आलीच.

विलो हलका व चिवट, परंतु मऊ असतो. कारखान्यात पाते यंत्राने दाबून त्याचा पृष्ठभाग घट्ट करतात; मात्र शेवटचा हात खेळाडूलाच फिरवावा लागतो.

प्रथम बॅटला तेल पाजावे. त्यासाठी जवसाचे कच्चे तेल घ्यावे. रंगकामासाठी मिळणारे उकळलेले तेल वापरू नये. चमचाभर तेल मऊ कापडाने पात्याच्या दर्शनी भागावर, कडांवर आणि तळाला पातळसर लावावे. दांडा, दांड्याचा पात्यातील सांधा आणि कंपनीची चिठ्ठी यांना तेल लागू देऊ नये. बॅट रात्रभर आडवी ठेवावी व दुसऱ्या दिवशी आणखी एक हलका हात द्यावा. तेलाचा अतिरेक झाल्यास बॅट जड होते आणि तिची उसळी मंदावते. पात्यावर आधीच संरक्षक पापुद्रा चिकटवलेला असेल, तर झाकलेल्या भागाला तेलाची गरज नसते.

त्यानंतर लाकडी मोगरीने ठोकण्याचे काम. सुरुवातीस हलके, पुढे क्रमाक्रमाने जोर वाढवीत, चेंडू जेथे लागतो त्या भागावर ठोके द्यावेत. कडांवर सरळ घाव न घालता मोगरी तिरपी धरून त्या गोलसर कराव्यात. तळावर आणि बॅटच्या पाठीवर मुळीच ठोकू नये. या कामी एकूण चार ते सहा तास लागतात. शेजाऱ्यांची दुपारची झोप सांभाळून रोज पाव तास दिला, तरी पाच तासांची बेरीज वीस दिवसांत पूर्ण होते.

पुढची परीक्षा जुन्या, मऊ झालेल्या चेंडूची. त्यावर हलके फटके मारून पाहावेत. पात्यावर शिवणीचे वळ उमटले, तर पुन्हा मोगरी हाती घ्यावी. न उमटल्यास नव्या चेंडूचा सराव सुरू करण्यास हरकत नाही.

बॅट ओल्या खेळपट्टीवर टेकवून ठेवल्यास तळ पाणी शोषून फुगतो. उन्हात तापणाऱ्या मोटारीच्या डिकीत ती ठेवल्यास लाकूड सुकून तडकते. कडेला बारीक चीर दिसताच फायबरची पट्टी लावून घ्यावी. हंगाम संपल्यावर पाते पुसून, तेलाचा अगदी हलका हात देऊन बॅट कोरड्या, थंड जागी ठेवावी.

दुकानातून घरी आलेल्या मुलाला हे वीस दिवस फार लांबचे वाटतात. त्या काळात घरातील वडीलधाऱ्यांनी मोगरीचे चार ठोके स्वतः मारून दाखवावेत. पुढे तीच बॅट धाकट्या भावाच्या हाती धडधाकट येते, तेव्हा या वीस दिवसांचे मोल साऱ्या घराला कळते.