शिळा झालेला बर्फ

मे महिन्यात माळ्यावरून आईस्क्रीमचा पॉट काढायचा, हा एकेकाळी घरोघरचा सोहळा होता. लाकडी बादली, मधोमध आटवलेल्या दुधाचा डबा, भोवती फोडलेला बर्फ आणि त्यावर मूठमूठ जाडं मीठ. पोरांनी आळीपाळीनं दांडा फिरवायचा. मीठ पडलं की बर्फ वितळू लागतो, बादलीच्या भोकातून खारं पाणी गळतं, आणि तरीही डब्यातलं दूध गोठत जातं. हेच जाडं मीठ जानेवारीत न्यूयॉर्क, शिकागो, टोरंटोच्या रस्त्यांवर ट्रक भरभरून पसरतात, ते गोठलेलं सुटावं म्हणून. एकच मीठ इथे गोठवतं आणि तिथे वितळवतं. हे कोडं उलगडत गेलं, की त्या शहरांत दर हिवाळ्यात उठणारी एक तक्रार निराळीच ऐकू येऊ लागते: "आमच्या गल्लीतला बर्फ अजून कुणी काढलेला नाही."

आपल्या कानांना ही कचऱ्याच्या तक्रारीसारखी वाटते. न्यूयॉर्कमध्ये तर कचरा उचलणाऱ्या ट्रकांनाच पुढे पोलादी पातं जोडतात आणि तेच बर्फ ढकलत फिरतात. पण दोघांत मोठा फरक आहे. कचरा दोन दिवस पडून राहिला तरी कचराच राहतो. पडून राहिलेल्या बर्फाची मात्र जातच बदलते. मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे आणि त्याचे दोन्ही अर्थ इथे लागू पडतात. बर्फ शिळा होतो. म्हणजे ताजा राहत नाही, आणि शिळा, म्हणजे दगड, होऊन बसतो.

आकाशातून नुकत्याच उतरलेल्या भुसभुशीत बर्फात सुमारे नव्वद टक्के हवा असते. घरासमोरची फूटपाथची पट्टी दीड मीटर रुंद आणि दहा मीटर लांब धरली आणि तिच्यावर तीस सेंटिमीटर बर्फ साचला, तर त्याचं वजन साडेचारशे किलोच्या आसपास भरतं. आकडा मोठा वाटतो, पण एका फावड्यात त्यातले दोन-तीन किलोच येतात. दमानं घेतलं तर तासा-दोन तासांत निघणारं काम आहे.

आता हाच बर्फ तसाच राहू द्या. तो थंडगार दिसतो, पण पदार्थाच्या दृष्टीनं पाहिलं तर तो भट्टीत आहे! तापमानाचं मोजमाप निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे ज्याखाली तापमान जाऊच शकत नाही तिथून केलं, तर बर्फ वितळतो 273 अंशांवर आणि उणे दहा अंशांवरचा बर्फ असतो 263 वर. म्हणजे वितळण्याच्या वाटेवर तो 96 टक्के पुढे आलेला असतो. लोखंडाला आपल्या वितळणबिंदूच्या इतकं जवळ आणायचं, तर ते 1470 अंश सेल्सिअसपर्यंत, पांढरं होईस्तोवर तापवावं लागेल. अशी दोन लोखंडं ऐरणीवर एकमेकांवर ठेवून लोहार घण घालतो आणि ती एकजीव होतात. फूटपाथवर नेमकं हेच घडतं. बर्फाचे कण जिथे एकमेकांना टेकतात तिथे आपोआप सांधत जातात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावलं घणाचं काम करतात. दुपारच्या उन्हात वरचा थर पाझरतो, ते पाणी खाली झिरपतं आणि रात्री गोठतं. दोन-तीन दिवसांत हवा निघून जाते आणि काँक्रीटला चिकटलेला एक गुळगुळीत, टणक थर उरतो. घनमीटरला शंभर किलो भरणारी वस्तू आता नऊशेच्या दिशेनं निघालेली असते. फावडं त्यावर आपटून परत येतं. तिथे सब्बलच लागते.

त्यावर पाय का घसरतो, हेही तितकंच नवलाचं आहे. शरीराच्या भारानं बर्फ वितळतो आणि म्हणून आपण घसरतो, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. हिशेब केला तर टाचेच्या दाबानं बर्फाचा वितळणबिंदू अंशाच्या काही शतांश भागानंच खाली येतो. एवढ्यानं काही साधत नाही. बर्फाच्या पृष्ठभागावर शून्याखालीही पाण्यासारखा एक अतिपातळ थर असावा, हा विचार मायकेल फॅरेडेनं 1850 मध्ये मांडला. बर्फाचे दोन तुकडे नुसते टेकवले तरी जोडले जातात, हे त्यानं पाहिलं होतं. आज आपल्याला माहीत आहे की पृष्ठभागावरच्या रेणूंना वरून धरून ठेवणारं कुणी नसतं, म्हणून ते आतल्या रेणूंइतके बांधलेले राहत नाहीत. बर्फाचे कण सांधण्यामागेही आणि पाय घसरण्यामागेही हे पृष्ठभागावरचे सैल रेणूच असतात.

मिठाचं कोडंही इथेच सुटतं. खरं तर मीठ दोन्हीकडे बर्फ वितळवतच असतं. खारं पाणी शून्याला गोठत नाही. शंभर भागांत तेवीस भाग मीठ असेल, तर ते उणे 21 अंशांपर्यंत पाणीच राहतं. मात्र वितळायला उष्णता लागते. पॉटमध्ये बर्फ ती डब्यातल्या दुधाकडून ओढून घेतो, म्हणून दूध गोठतं. रस्त्यावर ती जमिनीकडून आणि हवेकडून येते. पारा उणे नऊ-दहाच्या खाली गेला, की तेवढी उष्णता मिळेनाशी होते आणि साधं मीठ जवळजवळ निकामी ठरतं. म्हणून जाणत्या शहरांत वादळाच्या आधीच रस्त्यावर मिठाचं पाणी शिंपडतात आणि कोरड्या डांबरावर पांढऱ्या समांतर रेघा उमटतात. त्या पाण्यात मीठ किती असतं? तेच, शंभरात तेवीस भाग. पहिला कण पडण्याआधी हा थर तिथे असला, तर बर्फ रस्त्याला चिकटतच नाही.

आणि हे मीठ येतं कुठून? कॅनडात ह्युरॉन सरोवराच्या काठी गोडरिच नावाचं छोटं गाव आहे. 1866 मध्ये तिथे तेलासाठी जमिनीत भोक पाडलं आणि लागलं मीठ. आज सरोवराच्या तळाखाली, पाचशे मीटरहून जास्त खोलीवर, जगातली सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण आहे. तिथलं मीठ चाळीस कोटी वर्षांहून जुन्या समुद्राचं आहे. डायनासोर जन्माला यायच्या कितीतरी आधी तो समुद्र आटला, आणि त्याचं मीठ आज एखाद्या शाळेच्या पायरीवर पसरलं जातं, मुलाचा पाय घसरू नये म्हणून. पण वितळलेल्या पाण्याबरोबर ते ओढ्यांत आणि तळ्यांत जातं. 2001 मध्ये कॅनडा सरकारच्या तपासणीनं रस्त्यावरचं मीठ पर्यावरणाला घातक ठरवलं. शिळ्या बर्फाला ताज्यापेक्षा कितीतरी जास्त मीठ लागतं, त्यामुळे उशिराची किंमत त्या ओढ्यांतले मासेही मोजतात.

माणसांनी मोजलेली किंमत इतिहासात नोंदलेली आहे. 9 फेब्रुवारी 1969 ला, रविवारी, न्यूयॉर्कवर बर्फ कोसळू लागला. सेंट्रल पार्कात 15.3 इंच, म्हणजे जवळपास 39 सेंटिमीटर थर साचला. शहराची बर्फ हटवायची सुमारे चाळीस टक्के यंत्रं तेव्हा नादुरुस्त पडली होती. क्वीन्स भागातल्या गल्ल्या दिवसेंदिवस तशाच राहिल्या. त्या वादळात 42 माणसं गेली आणि त्यांतली जवळपास निम्मी क्वीन्समधली होती. तिथेच शांततेचं नोबेल मिळवलेले, संयुक्त राष्ट्रांचे उच्चाधिकारी राल्फ बंच राहत. आपल्या रस्त्यावर बर्फ ढकलणारा प्लाऊ फिरकलाच नाही, अशी तार त्यांनी महापौरांना केली. महापौर जॉन लिंडसे बुधवारी क्वीन्समध्ये आले, तेव्हा त्यांचीच मोटार बर्फात अडकली आणि लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. तीन दिवसांचा तुडवलेला बर्फ एव्हाना पात्यानं ढकलण्याच्या पलीकडे गेलेला असतो. दहा वर्षांनी, जानेवारी 1979 मध्ये, शिकागोत सुमारे वीस इंच बर्फ पडला आणि शहर ठप्प झालं. त्यानंतर दीड महिन्यानं पक्षांतर्गत निवडणुकीत महापौर मायकेल बिलँडिक हरले आणि जेन बर्न त्या शहराच्या पहिल्या स्त्री महापौर होण्याच्या वाटेला लागल्या.

रस्त्यांचं एकवेळ समजून घेता येतं. रुग्णवाहिका, अग्निशमनाचे बंब आणि बस ज्या रस्त्यांवरून जातात ते आधी, गल्ल्या नंतर, हा क्रम रास्तच आहे. फूटपाथचं गणित मात्र वेगळं आहे. न्यूयॉर्कमध्ये घरासमोरचा फूटपाथ मोकळा करणं हे घरमालकाचं काम आहे आणि कायद्यात त्याचे तास दिलेले आहेत. सकाळी सात ते संध्याकाळी पाचच्या दरम्यान बर्फ थांबला, तर चार तासांत तो निघाला पाहिजे. हा चार तासांचा नियम वाचला आणि मला कायद्यात बर्फाचा स्वभाव ओळखलेला दिसला.

पण पायवाट ही साखळी असते. वीस घरांपैकी एकोणीस घरांनी झाडून घेतलं आणि एका रिकाम्या प्लॉटसमोर काही झालं नाही, तर चालणाऱ्याला तिथे गाड्यांच्या रस्त्यावर उतरावं लागतं. सगळ्यात अवघड जागा म्हणजे चौकाचा कोपरा. तिथे फूटपाथ उतरता केलेला असतो, चाकाच्या खुर्चीसाठी आणि बाबागाडीसाठी. प्लाऊ रस्ता साफ करत जातो तेव्हा बाजूला ढकललेला बर्फ नेमका या उतारावर रचला जातो. गुडघाभर उंचीचा बांध, वरून मळकट, आतून टणक, आणि पायथ्याशी गोठलेल्या पाण्याचं डबकं. धडधाकट माणूस तो ओलांडून जातो. काठी टेकत बसथांब्याकडे निघालेल्या आजी तिथून माघारी वळतात. त्या दिवशीचं औषध, भाजी, देवळात जाणं, सगळं तिथेच अडतं.

स्वीडनमधल्या कार्ल्सकूगा या छोट्या शहरानं 2011 च्या सुमारास आपला क्रम उलटा केला. आधी पायवाटा आणि सायकलवाटा, मग मोठे रस्ते. त्यामागचा विचार साधा होता. दहा सेंटिमीटर बर्फातून गाडी निघून जाते, बाबागाडी निघत नाही. चालणाऱ्यांत आणि बसनं जाणाऱ्यांत बायका जास्त असतात, आणि निसरड्या दिवसांत दवाखान्यात पोचणाऱ्यांत गाडी चालवणाऱ्यांपेक्षा पायी चालणारेच कितीतरी जास्त असतात. मोडलेल्या मनगटाचा आणि खुब्याचा खर्चही अखेर करदात्यांच्याच पैशातून होतो.

आज कितीतरी मराठी घरांतली एक पिढी टोरंटोत, शिकागोत, न्यूजर्सीत राहते आणि आई-वडील हिवाळ्यात त्यांच्याकडे जातात. अशा घरांना एवढंच सांगायचं आहे. बर्फ थांबला की पहिल्या चार तासांत फावडं हातात घ्या, कुणाचं पाऊल त्यावर पडायच्या आत. मीठ टाकायचं ते खरवडून झाल्यावर, मोजकंच. जमलं तर शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्यासमोरची पट्टीही ओढून काढा. आणि चौकाच्या कोपऱ्यावर बांध दिसला, तर शहराच्या तक्रार क्रमांकावर त्याच दिवशी फोन करा. तिसऱ्या दिवशी तीच तक्रार दगडाबद्दल करावी लागेल.