गाडी पिकअप घेत नाही? आधी मोजा, मग बदला

इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली, पण गॅरेजच्या दारात तो खटला अजून रोज उभा राहतो. सिग्नल सुटतो, पाय ॲक्सिलरेटरवर पडतो, गाडी क्षणभर घुटमळते आणि झटका मारून निघते. मालक म्हणतो, ई-२०ने, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने, वाट लावली. फिटर म्हणतो, प्लग बदलून बघू. प्लग झाले की कॉइल, मग इंजेक्टरची सफाई, शेवटी गाडीतला इंधनाचा पंप. ‘बदलून बघू’ ही आपल्याकडे दुरुस्तीची रीतच होऊन बसली आहे आणि त्या प्रत्येक ‘बघू’चे बिल मालक भरतो. दोष इंधनाचा की सुट्या भागाचा, हे अंदाजाने ठरवायची गरजच नाही. २०१३नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे ओबीडी सॉकेट असते. इंजिनाचा संगणक काय पाहतो आणि काय करतो, ते तिथे आकड्यांत वाचता येते. ते वाचल्याशिवाय एकही पार्ट बदलू नये.

पाय दाबताच हवा आत घुसते आणि तिच्या प्रमाणात पेट्रोलही त्याच क्षणी वाढावे लागते. सिलिंडर जास्त भरला की आतला दाब वाढतो, त्यामुळे प्लगच्या फटीत ठिणगी पाडायला कॉइलला अधिक व्होल्टेज द्यावे लागते. म्हणूनच उभ्या जागी शांत चालणारी गाडी खंबाटकी घाट चढताना मिसिंग करते. थकलेली कॉइल किंवा चोंदलेला फिल्टर कमी मागणीत झाकून राहतो, चढाला उघडा पडतो. सीएनजीवर ठिणगीला आणखी जोर लागतो. तेव्हा सीएनजीवर झटके आणि पेट्रोलवर गाडी सरळ, असे होत असेल तर आधी प्लग-कॉइलकडे वळावे. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल आणि स्कॅनर दोन नंबरचे मिसफायर दाखवत असेल, तर दोनची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावून गाडी फिरवून आणावी. मिसफायर तीनवर सरकले तर कॉइल गेली आहे. दोनवरच राहिले तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन यांची पाळी. या चाचणीला एक रुपयाचाही पार्ट लागत नाही.

पण माझ्या मते सगळ्यांत मोलाचा आकडा फ्युएल ट्रिमचा आहे, आणि नेमका तोच फारसा कुणी बघत नाही. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला, हे पाहून संगणक पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. मूळ हिशेबापेक्षा किती टक्के कमी-जास्त द्यावे लागले, ते ट्रिम सांगते. शून्याच्या आसपास असेल तर गणित जमते आहे. अधिक वीसवर गेले असेल, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे. आता ते कधी वाढते, हे बघायचे. आत येणारी हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीत आयडलला ट्रिम जास्त आणि अडीच हजार आरपीएमला खाली येत असेल, तर बहुधा कुठेतरी पाइप किंवा गॅसकेटमधून चोरटी हवा शिरते आहे. उलट, भार वाढेल तशी ट्रिम चढत असेल तर पंप, फिल्टर, इंजेक्टर किंवा मळलेला एमएएफ सेन्सर यांच्यावर संशय घ्यावा आणि इंधनाचा दाब गेज लावून मोजावा. आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांत मात्र एमएएफ नसतो, हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तिथे चोरट्या हवेने ट्रिम फारशी हलत नाही, आयडल चढते. स्कॅनर लावला म्हणजे काम झाले असे नाही, हा आक्षेप म्हणूनच रास्त आहे. ‘पी ०१७१’ हा कोड मिश्रण पातळ आहे एवढेच सांगतो, कोणता पार्ट बदला हे सांगत नाही. मिसफायर झालेल्या सिलिंडरमधला न वापरलेला ऑक्सिजनही सेन्सरला ‘पेट्रोल कमी’ असे भासवतो. पण हा दोष कोड वाचून थांबणाऱ्याचा आहे, मोजण्याच्या पद्धतीचा नव्हे.

ई-२०चा आरोपही याच मापाने तपासता येतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९, ई-२०ला साधारण १३.५. म्हणजे ई-१०वरून ई-२०वर येताना संगणकाला जेमतेम चार-पाच टक्के पेट्रोल वाढवावे लागते, आणि त्याला बहुतेक गाड्यांत वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत मुभा असते. मायलेज घटते, हे खरेच आहे. मुळात इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१०साठी जुळवून घेतलेल्या चारचाकीत सहा-सात टक्के घट होईल, असे नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच लिहिले होते. पण धडधाकट गाडीला झटके बसण्याइतका हा फरक नाही. जिथे पंप आधीच थकला आहे, तिथे मात्र हेच चार-पाच टक्के उंटाच्या पाठीवरची शेवटची काडी ठरतात. कार्ब्युरेटरच्या गाडीत दुरुस्ती करणारा संगणकच नाही, तिथे तक्रार थेट इंधनाची असू शकते. जुन्या टाकीतला गाळ इथेनॉल सोडवते आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो. जुने रबरी पाइप फुगतात किंवा तडकतात. अशा गाड्यांच्या मालकांना पर्याय न ठेवता इंधन बदलले गेले, ही तक्रार मला पूर्णपणे न्याय्य वाटते. पण तिला वजन यायचे असेल तर ‘पिकअप गेला’ एवढे पुरणार नाही, आकडे पुढे ठेवावे लागतील.

छोट्या गॅरेजवाल्याला एवढा वेळ परवडत नाही, असे म्हटले जाते. परवडणार कसा? आपण पार्टचे पैसे देतो, तपासणीचे द्यायला कुरकुरतो, मग तो पार्टच विकतो. म्हणून गाडी देताना तपासणीची मजुरी वेगळी ठरवा. आयडलला, अडीच हजार आरपीएमला आणि चढावर ट्रिम किती, मिसफायर कुठल्या सिलिंडरचे आणि इंधनाचा दाब किती, एवढे बिलावर लिहून मागा. ते हाती आल्यावरच नव्या पार्टला होकार द्या.